घरच्या शर्टाला जकात, बाहेर जाणाऱ्याला माफी

'कंपन्या आपल्याच लोकांना लुटतात, म्हणून इथला माल दुबईत स्वस्त' असं कोणी म्हणतं, ते मला अर्धंच पटतं. माझा मामेभाऊ तिकडून आला तेव्हा शर्ट घेऊन आला, आत 'मेड इन इंडिया'ची पट्टी. किंमत रुपयांत मोजली तर यवतमाळच्या दुकानापेक्षा कमीच निघाली. घरी सगळे हसले, मला मात्र आमची पऱ्हाटी, म्हणजे शेतातलं कापसाचं पीक, आठवलं.

शर्टाच्या किमतीवर बोलताना कापसाचा मुद्दा कोणी काढतच नाही. फेब्रुवारी 2021 पासून बाहेरून येणाऱ्या कापसावर सगळं धरून 11 टक्के आयात शुल्क लागलं. त्यामुळे जगात भाव पडले तरी इथला भाव थोडा वर टिकू शकतो. पण गिरणी निर्यातीसाठी सूत काढत असेल, तर तिला बाहेरचा कापूस बिनशुल्क आणायची परवानगी मिळते. वर निर्यातीच्या मालावर जीएसटीचा बोजा उरत नाही, भरलेला परत मिळतो. इथल्या गिऱ्हाइकाला ही सूट नाही. म्हणजे एकाच यंत्रावरचा शर्ट, पण हिशेब दोन.

आता म्हणाल, मग शुल्क काढा. ऑगस्ट 2025 मध्ये काढलंच होतं, डिसेंबरअखेरपर्यंत, नेमकं आमच्या वेचणीच्या हंगामात! शर्ट किती उतरले ते शहरवाल्यांनी सांगावं. आमच्या गावात खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी, मात्र 'आता बाहेरचा माल येते, भाऊ' म्हणत भाव पाडूनच बोलायचा. कास्तकार म्हणून मला ते शुल्क हवंय, अन् शर्टही स्वस्त हवाय. काय करता!