क्लबहाउसच्या फलकावर काय लिहायचं?

सचिव, ए-101: नमस्कार मंडळी. विंगवार बॅडमिंटन स्पर्धेच्या आधी कोर्टाशेजारी चार बाय सहा फुटांचा फलक लावायचं ठरलं आहे, भारतीय संघाच्या कामगिरीचा (थॉमस कप म्हणजे पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा, उबर कप महिलांची). कच्चा मजकूर असा: "थॉमस कप विजेते 2022. उबर कप कांस्य 2014, 2016. आशियाई स्पर्धा सांघिक सुवर्ण 2023. राष्ट्रकुल सुवर्ण 2018, 2022." उद्या संध्याकाळी छपाईला जाईल. जाणकारांनी आजच नजर टाकावी.

गोखले, सी-704: सचिव, दोन चुका आहेत. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुरुष संघाला रौप्य मिळालं, सुवर्ण नाही. अंतिम लढतीत चीनकडून 2-3 हार झाली. सुवर्ण सात्त्विक-चिराग यांना पुरुष दुहेरीत मिळालं, ते वैयक्तिक पदक. आशियाई स्पर्धेतलं भारताचं बॅडमिंटनमधलं ते पहिलंच सुवर्ण, त्यामुळे बातम्यांमध्ये दोन्हींची सरमिसळ होते. दुसरी चूक राष्ट्रकुलची. मिश्र सांघिक सुवर्ण 2018 ला गोल्ड कोस्टमध्ये. 2022 ला बर्मिंगहॅममध्ये मलेशियाने 3-1 ने हरवलं, म्हणजे रौप्य. त्या वर्षीची तीन सुवर्णं सिंधू, लक्ष्य आणि सात्त्विक-चिरागची, सगळी वैयक्तिक.

सचिव, ए-101: धन्यवाद काका. दुरुस्त करतो. राष्ट्रकुलचं 2010 पण घालू का?

गोखले, सी-704: घाला. दिल्लीत मिश्र सांघिक रौप्य, तेही मलेशियाकडूनच हरून. आणि हांगझोऊचे खेळ नावाने 2022 चे, पण झाले 2023 मध्ये. फलकावर "2022 (2023 मध्ये झालेली)" असं लिहा, नाहीतर दर आठवड्याला कुणीतरी चूक दाखवायला येईल.

शिंदे, बी-302: फलक कुठल्या भिंतीवर लागणार आहे? बेसलाइनच्या मागच्या भिंतीवर लावू नका. पांढऱ्या किंवा फिक्या पार्श्वभूमीवर फूल (शटलकॉक) दिसत नाही, उंच क्लिअर (मागपर्यंत उडवलेला फटका) घेताना अंदाज चुकतो. बाजूच्या भिंतीवर, गडद हिरव्या नाहीतर निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, आणि मॅट लॅमिनेशन. ग्लॉसी केलं तर ट्यूबलाइट त्यात चमकते आणि ड्राइव्ह, म्हणजे सपाट वेगवान फटका, मारणाऱ्याच्या डोळ्यांवर येते.

सचिव, ए-101: बाजूची भिंत पक्की. मॅट सांगतो.

तांबे, डी-503: थॉमस कपच्या ओळीत एवढंच नको. "पहिल्यांदाच पदक" हेही हवं. भारत याआधी 1952, 1955 आणि 1979 मध्ये उपांत्य टप्प्यापर्यंत गेला होता, पण थॉमस कपचं पदक 2022 पर्यंत एकही नव्हतं. थेट सुवर्णानेच सुरुवात झाली. हा कप जिंकणारा भारत सहावा देश. आधीचे पाच: मलाया (पुढे मलेशिया), इंडोनेशिया, चीन, जपान, डेन्मार्क.

कदम, बी-604: तांबे सर, एक शंका. पाच सामन्यांतले तीन जिंकायचे हे कळतं. पण भारताकडे सायना, सिंधू, श्रीकांत इतकी वर्षं होते, मग सांघिक पदकं इतकी थोडी का?

तांबे, डी-503: ताई, याचं उत्तर चौथ्या आणि पाचव्या सामन्यात आहे. थॉमस आणि उबर कपची लढत म्हणजे तीन एकेरी, दोन दुहेरी. नेहमीचा क्रम: पहिली एकेरी, पहिली दुहेरी, दुसरी एकेरी, दुसरी दुहेरी, तिसरी एकेरी. एका खेळाडूला एका लढतीत जास्तीत जास्त दोन सामने, एक एकेरी आणि एक दुहेरी. एकेरीचा क्रम जागतिक क्रमवारीने ठरतो, म्हणजे सगळ्यात भारी खेळाडू मुद्दाम तिसऱ्या जागी ठेवता येत नाही. दोन तारे असतील तर दोन गुण मिळतील. तिसरा गुण कोण आणणार हा प्रश्न उरतोच, आणि भारताचा संघ तिथेच अडायचा.

2014 ची दिल्लीतली उबर कप उपांत्य लढत बघा. समोर जपान. सायना जिंकली, सिंधू जिंकली, 2-0. मग तिसऱ्या एकेरीत तुलसी हरली, ज्वाला-अश्विनी तीन गेममध्ये हरल्या, आणि निर्णायक दुहेरीला सायना-सिंधूलाच उतरावं लागलं. दोघी एकेरीच्या खेळाडू, त्या दिवशी एकेक सामना आधीच खेळलेल्या, आणि समोर माएदा-काकीवा ही मुरलेली जोडी. 2-3. कांस्य मिळालं, पण दुसरी दुहेरी जोडी नसल्याची किंमत त्यात दिसते.

गोखले, सी-704: आणि हांगझोऊची चीनविरुद्धची अंतिम लढत हुबेहूब तशीच. लक्ष्यने शी युछीला 22-20, 14-21, 21-18 हरवलं, सात्त्विक-चिरागने लियांग-वांग जोडीला सरळ गेममध्ये. 2-0. श्रीकांतचा पहिला गेम 22-24 ने गेला आणि तिथून लढत फिरली. ध्रुव कपिला-साई प्रतीक दुसऱ्या दुहेरीत हरले. तिसऱ्या एकेरीला मिथुन मंजुनाथ होता, कारण प्रणॉयच्या पाठीला दुखापत. प्रणॉय नसल्यामुळे सगळी एकेरीची रांग एक पायरी वर सरकली, हे लोक विसरतात. एक माणूस आजारी पडला तरी तीन सामने बदलतात.

कदम, बी-604: मग 2022 ला बँकॉकच्या थॉमस कपमध्ये वेगळं काय झालं? दुसरी दुहेरी तर तेव्हाही नवखी होती ना?

तांबे, डी-503: बरोबर, आणि ती दोन्ही वेळा हरलीही. कृष्णप्रसाद-विष्णुवर्धन ही जोडी मलेशियाविरुद्ध 19-21, 17-21 आणि डेन्मार्कविरुद्ध 14-21, 13-21. पहिली एकेरीही दोन्ही वेळा गेली: लक्ष्य ली झी जियाकडून हरला, मग अॅक्सेलसेनकडून. म्हणजे उपांत्यपूर्व आणि उपांत्य या दोन्ही लढतींत उरलेले तीनही सामने जिंकणं भागच होतं, आणि ते जिंकले: पहिली दुहेरी, दुसरी एकेरी, तिसरी एकेरी. सात्त्विक-चिराग, श्रीकांत, प्रणॉय.

प्रणॉयची जागा नीट बघा. 2-2 अशी बरोबरी, कोर्टावर शेवटचा सामना. मलेशियाच्या लियोंग जुन हाओला 21-13, 21-8. डेन्मार्कच्या गेम्केविरुद्ध पहिला गेम 13-21 ने गेला, त्यातच घसरून घोटा दुखावला, आणि पुढे 21-9, 21-12. इतर देशांच्या तिसऱ्या एकेरीपेक्षा आपली तिसरी एकेरी भक्कम, हे त्या वर्षीच्या संघाचं खरं बळ होतं. प्रणॉय बऱ्याच देशांत पहिल्या दोनांत बसला असता.

शिंदे, बी-302: आणि गटात आपण चायनीज तैपेईकडून 2-3 हरलो होतो, हेही सांगा. जर्मनी आणि कॅनडाला 5-0. गट साखळीत पाचही सामने खेळवतात, कारण बरोबरी झाली तर जिंकलेले सामने मोजायचे असतात. बाद फेरीत तिसरा गुण मिळाला की लढत थांबते. म्हणून अंतिम फेरीत प्रणॉय खेळलाच नाही.

जाधव, ए-405: अंतिमचे आकडे कुणाकडे आहेत? फलकावर छान दिसतील.

गोखले, सी-704: 15 मे 2022, बँकॉक, इंडोनेशिया 3-0. त्यांच्या नावावर तोवर 14 कप होते.
लक्ष्य सेन वि. अँथनी गिंटिंग 8-21, 21-17, 21-16.
सात्त्विक-चिराग वि. अहसान-सुकामुल्यो 18-21, 23-21, 21-19.
श्रीकांत वि. जोनाथन क्रिस्ती 21-15, 23-21.
3-0 वाचून लढत सोपी झाली असं वाटतं. आकडे बघा, पहिल्या दोन सामन्यांत पहिला गेम आपण गमावला. दुहेरीत तर दुसऱ्या गेममध्ये प्रतिस्पर्ध्यांकडे मॅच पॉइंट होते. तो एक पॉइंट गेला असता तर 1-1, आणि पुढे परत तीच दुसरी दुहेरी.

जाधव, ए-405: चिराग आपल्या मुंबईचा, गोरेगावच्या उदय पवार अकादमीत घडलेला. महाराष्ट्राचा वेगळा उल्लेख असावा.

तांबे, डी-503: असावा, पण मग सुरुवात नंदू नाटेकरांपासून करा. सांगलीचे. 1956 मध्ये क्वालालंपूरची सेलांगर स्पर्धा जिंकली, परदेशातली स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय. 1961 मध्ये पहिल्यांदा अर्जुन पुरस्कार दिले गेले त्यात ते होते. थॉमस कपमध्ये 1951 ते 1963, एकेरीचे 16 पैकी 12 सामने जिंकले, दुहेरीचे 16 पैकी 8. त्या काळी लढत नऊ सामन्यांची असायची, पाच एकेरी आणि चार दुहेरी, तीही दोन दिवस. 1984 पासून पाच सामने झाले. म्हणून जुन्या संघाची आजच्या संघाशी तुलना करताना 6-3, 5-4 असे निकाल दिसले तर छपाईची चूक समजू नका.

आशियाई स्पर्धेत पुरुष सांघिक कांस्य 1974, 1982, 1986. मुंबईचे प्रदीप गंधे यांनी 1982 ला लेरॉय डिसा यांच्याबरोबर पुरुष दुहेरीचंही कांस्य मिळवलं.

शिंदे, बी-302: मुलींचं काय? फलकावर सगळे पुरुषच दिसतात. 2024 चं आशियाई सांघिक विजेतेपद राहिलंय.

सचिव, ए-101: हे कुठलं, ताई? आशियाई स्पर्धा वेगळी ना?

शिंदे, बी-302: वेगळी. ही बॅडमिंटन आशियाची सांघिक अजिंक्यपद स्पर्धा, फेब्रुवारी 2024, मलेशियात शाह आलमला. महिला संघाने अंतिम फेरीत थायलंडला 3-2 हरवलं. सिंधू जिंकली, त्रीसा जॉली-गायत्री गोपीचंद तीन गेममध्ये जिंकल्या, अश्मिता चालिहा आणि दुसरी दुहेरी हरल्या, आणि 2-2 वर अनमोल खरब कोर्टावर आली. वय 17, जागतिक क्रमवारी 472. पोर्नपिचाला 21-14, 21-9.

आणि ते एकदाच झालं नाही. गटात चीनविरुद्ध निर्णायक पाचवा सामना तिचाच. उपांत्य फेरीत जपानविरुद्धही. त्या जपानच्या लढतीत तनिषा क्रास्टोला दुखापत होती, म्हणून अश्विनी पोनप्पाबरोबर सिंधूला दुहेरीला उतरवावं लागलं आणि तो सामना गेला. दहा वर्षांपूर्वीचीच अडचण परत आली होती, फक्त यावेळी पाचव्या जागी जिंकणारी मुलगी होती. याआधी महिला संघाने या स्पर्धेत विजेतेपद मिळवलेलं नव्हतं.

कदम, बी-604: तनिषा मूळची गोव्याची ना?

शिंदे, बी-302: हो, आईवडील गोव्याचे, ती दुबईत वाढली.

जाधव, ए-405: सुदिरमन कप?

गोखले, सी-704: मिश्र सांघिक. पुरुष एकेरी, महिला एकेरी, तीनही दुहेरी. पाचात तीन दुहेरी म्हटल्यावर आपली मर्यादा लगेच उघडी पडते. आजवर भारत उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे गेलेला नाही, 2011 आणि 2017 ला तिथपर्यंत, म्हणजे पदक नाही. फलकावर पदकं असतील तर याची ओळ नको.

सचिव, ए-101: समजलं. आता स्पर्धेचं विचारतो. आपल्याही चार विंग आहेत, तर थॉमस कपसारखीच पद्धत ठेवूया का? एकच कोर्ट आहे.

तांबे, डी-503: ठेवा, पण वेळ मोजून. 21 गुणांचे तीन गेम धरले तर एक सामना 35 ते 45 मिनिटं. पाच सामने म्हणजे साडेतीन तास, मध्ये सराव धरून. साखळीत सहा लढती होतात, त्या एका रविवारी मावणार नाहीत. साखळीत 21 चा एकच गेम ठेवा, पाचही सामने खेळवा. अंतिम लढत तीन गेमची, तिसरा गुण झाला की थांबायची.

नावांची यादी लढतीच्या आदल्या रात्री बंद पाकिटात घ्या. जो एकेरी आणि दुहेरी दोन्ही खेळणार, त्याचे सामने लागोपाठ येणार नाहीत असा क्रम लावा आणि मध्ये अर्धा तास द्या. आपल्याकडे क्रमवारी नाही, म्हणून प्रत्येक विंगने सरावाच्या निकालावरून एक-दोन-तीन ठरवून पाच दिवस आधी ग्रुपवर टाकायचं, नंतर बदल नाही. नाहीतर सगळे आपला भारी खेळाडू तिसऱ्या एकेरीला लपवतील आणि भांडणं होतील.

शिंदे, बी-302: फुलं नायलॉनची घ्या. पिसांची एका सामन्यात तीन-चार सहज मोडतात. माव्हिस 350 (योनेक्सची नायलॉनची फुलं) घेत असाल तर निळ्या पट्टीची, मध्यम वेगाची. हिरवी मंद, लाल जलद. सगळ्या लढतींना एकाच वेगाची फुलं हवीत, डबे एकदम आणा.

कदम, बी-604: सचिव, एक विनंती. फलकावर 2022 च्या संघाची दहाही नावं द्याल का? बाहेर फक्त चार-पाच जणांचे फोटो दिसतात. मुलांना राखीव खेळाडूचं मोल कळायचं तर दहाही नावं डोळ्यांसमोर हवीत.

सचिव, ए-101: नक्की ताई. तांबे सर, नावं टाका, मी तशीच उतरवतो.

तांबे, डी-503: लक्ष्य सेन, किदाम्बी श्रीकांत, एच. एस. प्रणॉय, प्रियांशू राजावत, सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी, चिराग शेट्टी, एम. आर. अर्जुन, ध्रुव कपिला, कृष्णप्रसाद गरगा, विष्णुवर्धन गौड पंजाला. सगळी एकाच आकाराच्या अक्षरांत.

सचिव, ए-101: झालं. महिला संघाची 2024 ची ओळ थॉमस कपच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरांत. गडद हिरवा, मॅट, बाजूची भिंत. सकाळी नमुना टाकतो, गोखले काकांनी आकडे एकदा तपासून द्यावेत.