विषय: हाउसिंग असोसिएशनच्या घरातली ओल – भरपाई मागावी का?

प्रेषक: सुनीता (स्लाऊ)
रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

आपल्या ईमेल यादीवर सहसा दिवाळीची तिकिटं नाहीतर ढोल-ताशाच्या सरावाचं चालतं, त्यात घरचं गाऱ्हाणं घालतेय. सांभाळून घ्या.

आमचा फ्लॅट हाउसिंग असोसिएशनचा, म्हणजे कमी भाड्याने घरं देणाऱ्या संस्थेचा. धाकट्याच्या खोलीत बाहेरच्या भिंतीला कपाट आहे. ते पुढे ओढलं तर मागची भिंत जमिनीपासून कमरेएवढी काळी. कपाटाच्या प्लायला पांढरी लव. खालच्या कप्प्यात आईने शिवलेली गोधडी होती, तिला असा वास बसला की दोनदा धुऊनही जाईना. मुलगा रात्री खोकतो. डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिलाय.

गेल्या हिवाळ्यापासून फोन करतेय. एक माणूस येऊन फवारा मारून, वर पांढरा रंग फासून गेला. पाडव्यापर्यंत डाग पुन्हा वर. मग सर्व्हेअर बाई आल्या. ओट्यावरचा कुकर बघितला, बाथरूममधली बादली आणि तांब्या बघितला, आणि म्हणाल्या, तुम्ही वाफ फार करता, कपडे घरात वाळवता, खिडक्या उघड्या ठेवत जा. जानेवारीत?

आता काल गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक मुलगा दारात आला. टॅबलेट पुढे करून म्हणाला, हजारो पौंड मिळतील, तुमचा एक पेनीही खर्च नाही, इथे सही करा. मी केली नाही. पण अशी भरपाई खरंच मिळते का? आणि मागितली तर घर जाईल का?

सुनीता


प्रेषक: श्रीकांत (हॅरो)
सोमवार, सकाळी ७.१५

सुनीता, राग मानू नकोस. बाजारभावाच्या मानाने निम्म्या भाड्यात घर मिळालंय, त्यासाठी लोक वर्षानुवर्षं यादीत ताटकळत बसतात. दुरुस्ती जरूर मागावी, पण पैसे मागणं मला पटत नाही. तो पैसा शेवटी इतर भाडेकरूंच्याच खिशातून जातो. आमच्याकडे डिह्युमिडिफायर पडून आहे, या रविवारी घेऊन जा.

श्रीकांतकाका


प्रेषक: अनघा (ल्यूटन)
सोमवार, दुपारी १.०५

सुनीताताई, सही केली नाहीत हे उत्तम. मी इथल्या एका सल्ला केंद्रात आठवड्यातून एकदा बसते. घराच्या दुरुस्तीची प्रकरणं रोजचीच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हे सगळं इंग्लंडपुरतं. वेल्स-स्कॉटलंडचे कायदे वेगळे आहेत.

आधी काकांना उत्तर. काका, भाडं कमी असलं तरी ते भाडंच. १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अ‍ॅक्टच्या कलम ११ नुसार घराचा सांगाडा, बाहेरची बाजू, पाणी, गॅस, वीज, संडास-न्हाणी आणि हीटिंग नीट ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. भाडं पूर्ण घ्यायचं आणि एक खोली वापरता येत नाही, तर त्या खोलीचे पैसे परत मागण्यात दान मागितल्यासारखं काही नाही.

आता बादली आणि कुकर. सर्व्हेअरचं हे बोलणं वाचून माझा तिळपापड झाला, कारण हीच ओळ इथे एकदा जिवावर बेतलेली आहे. रॉचडेलमध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरातल्या बुरशीमुळे श्वसनाचा आजार होऊन तो गेला, असा निष्कर्ष कोरोनरने (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणारा अधिकारी) नोव्हेंबर २०२२ मध्ये काढला. वडील कितीतरी आधीपासून तक्रार करत होते, त्यांना वर रंग मारून घ्या असं सांगितलं गेलं होतं. सुदानी कुटुंब. बादलीने अंघोळ करतात म्हणून ओल, अशी समजूत करून घेतली गेली होती, आणि राहणीमानाबद्दल आपण चुकीचे आडाखे बांधले हे त्यांच्या हाउसिंग असोसिएशनने नंतर जाहीरपणे कबूल केलं. त्याच्याही आधी, २०२१ मध्ये, हाउसिंग ओम्बड्समनने (भाडेकरूंच्या तक्रारी पाहणारा स्वतंत्र अधिकारी) ओल-बुरशीवर अहवाल काढला होता, त्याचं नावच ‘इट्स नॉट लाइफस्टाइल’. तेव्हा पुन्हा कोणी कुकरकडे बोट दाखवलं तर त्यांना हे म्हणणं लेखी द्यायला सांगा. बहुतेक जण लेखी देत नाहीत.

एक खाचखळगा मात्र होता. १९८५ मध्येच टॅफ-एली कौन्सिलच्या खटल्यात कोर्टाने म्हटलं होतं की भिंत-खिडकी मोडलेली नसेल आणि नुसती वाफ थंडीने जमून बुरशी येत असेल, तर ती ‘नादुरुस्ती’ नव्हे. कित्येक वर्षं घरमालक याच खुंटीला दावे टांगत आले. २०१८ चा फिटनेस फॉर ह्यूमन हॅबिटेशन कायदा आला, मार्च २०१९ पासून नव्या आणि मार्च २०२० पासून जुन्या चालू भाडेकरारांना लागू झाला, आणि ती पळवाट बुजली. घर राहण्यालायक आहे का, एवढंच बघायचं. घराची रचनाच थंड असेल, पंखा ओढत नसेल, तर तेही मालकाच्या अंगावर येतं. (यादीवरचे बहुतेक जण खासगी भाड्याने राहतात. हे दोन्ही कायदे तुम्हालाही आहेत बरं का.)

आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून सोशल हाउसिंगला (कौन्सिल आणि हाउसिंग असोसिएशनची घरं) अवाबच्या नावाचा कायदा लागू आहे. ओल-बुरशीचा मोठा धोका कळवला की कामाचे १० दिवस तपासणीला. तपासणी संपल्यावर कामाच्या ३ दिवसांत लेखी निष्कर्ष, आणि धोका खरा निघाला तर कामाच्या ५ दिवसांत खोली सुरक्षित करायची. तातडीचा धोका असेल तर २४ तास. जमत नसेल तर तोवर दुसरीकडे राहायची सोय त्यांच्या खर्चाने. घरात दम्याचं किंवा लहान मूल आहे, हे त्यांना धोका जोखताना धरावं लागतं, म्हणून पंपाचं पहिल्याच ओळीत लिहा.

पैशाचं गणित असं. कोर्ट साधारण भाड्याच्या टक्केवारीत मोजतं. समजा भाडं आठवड्याला १४० पौंड, आणि कोर्टाने त्रास ३० टक्के धरला, तर आठवड्याला ४२. चाळीस आठवडे रखडलं तर १,६८०. शिवाय खराब झालेली गादी, गोधडी, जादा विजेचं बिल. मुलाच्या आजारपणाचा दावा वेगळा, त्याला वैद्यकीय पुरावा लागतो. भाडं बेनिफिटमधून (सरकारी मदतीतून) जात असलं तरी हिशोब तोच. पण मोजणी सुरू होते ती तुम्ही *कळवलंत* त्या दिवसानंतर, वाजवी वेळ सोडून. म्हणून फोन केल्याच्या नोंदी आजच जमवा. मोबाइलच्या बिलातही सापडतात.

घर जाण्याचं भय नको. तक्रार केली म्हणून घर काढता येत नाही, त्याला कोर्ट आणि कायदेशीर कारण लागतं. फक्त एक कळवा, तुमचा करार पहिल्या वर्षाचा, ‘स्टार्टर’ (चाचणीचा) तर नाही ना? आणि काहीही झालं तरी भाडं थांबवू नका. भाडं थकलं की त्यांच्या हातात आयतं कोलीत.

अनघा


प्रेषक: नितीन (मिल्टन कीन्स)
सोमवार, संध्याकाळी ६.३०

मी पलीकडच्या बाजूचा माणूस. एका असोसिएशनमध्ये दुरुस्त्यांचं वेळापत्रक लावतो (स्लाऊची नव्हे), त्यामुळे आतली गोष्ट सांगतो.

फोनवरची तक्रार आमच्या स्क्रीनवर एका ओळीची होते: ‘मोल्ड वॉश, बेडरूम २’. कारागीर येऊन फवारा मारतो, काम ‘पूर्ण’. दुसरा फोन आला की तो नवा जॉब, जुन्याशी धागा जोडलेला नाही. चार फोन म्हणजे चार पूर्ण झालेली कामं. कागदावर तुमचं घर आदर्श! त्यामुळे दर वेळी जॉबचा नंबर मागा आणि ईमेलमध्ये आधीचे सगळे नंबर लिहा. ‘ही तक्रार आहे’ हे शब्द घाला, नुसती ‘रिपेअर रिक्वेस्ट’ नको. तक्रार म्हटली की वेगळी घड्याळं चालू होतात.

दुसरं, ‘नो अ‍ॅक्सेस’. माणूस बेल न वाजवता कार्ड टाकून जातो, असं होतं, नाही म्हणत नाही. त्या दिवशी घरी असाल तर दाराशी उभं राहून वेळ दिसेल असा फोटो काढा, लगेच मेल करा. दावा लढताना मालकाचे वकील पहिल्यांदा हीच नोंद काढतात, की आम्ही गेलो होतो, यांनी दार उघडलं नाही.

कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा हे मीही सांगेन. पण ते सांगणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.


प्रेषक: संदीप (बर्मिंगहॅम)
सोमवार, रात्री ९.५०

अनघाताई, ओम्बड्समनकडे जा असं आता सांगाल म्हणून आधीच लिहितो. माझ्या मावशीचं प्रकरण तिथे एवढं रेंगाळलं की दरम्यान छतच खाली आलं. शेवटी वकील केला, त्याने पत्र धाडलं, तज्ज्ञ येऊन पाहून गेला, आणि कोर्टाची पायरी चढायच्या आत काम झालं, पैसेही आले. दारात येणारे सगळेच भामटे नसतात. गरिबाला दुसरा वकील परवडतो कुठे?


प्रेषक: अनघा (ल्यूटन)
मंगळवार, सकाळी ८.२०

संदीप, रेंगाळण्याबद्दल वाद नाही, ओम्बड्समनकडे रांग मोठी आहे. आणि मालक काम करतच नसेल तर कोर्टाचा हुकूम ओम्बड्समनच्या आदेशापेक्षा जड. वकील करू नका असं मी म्हणणार नाही. मुद्दा वकील कुठून येतो हा आहे.

इथल्या सॉलिसिटरला लोकांच्या दारात जाऊन गिऱ्हाईक शोधायला त्यांच्या नियामकाची मनाई आहे, आणि अशा रीतीने दुसऱ्याने आणलेलं गिऱ्हाईक घ्यायचीही. म्हणजे दारातला मुलगा वकील नाही, दलाल आहे, आणि पुढे बसलेली फर्म नियम पाळते का हा पहिलाच प्रश्न. टॅबलेटवर सही म्हणजे करार वाचलाच नाही. त्यात तुमच्या भरपाईतला वाटा किती कापायचा ते असतं, आणि मधेच माघार घेतली किंवा सहकार्य केलं नाही तर फी भरा, असंही असतं. ‘नो विन नो फी’ (जिंकलो तरच फी) म्हणजे हरलात तरी मालकाच्या वकिलाचा खर्च तुमच्यावर येणार नाही, असं नव्हे. आजारपणाच्या दाव्यांना जे संरक्षण आहे ते नुसत्या दुरुस्तीच्या दाव्याला नाही. त्यासाठी विमा काढतात. हप्ता कोण भरतं ते विचारा. कुणी चुकून सही केली असेल तर घरी झालेला करार बहुधा १४ दिवसांत रद्द करता येतो.

लीगल एड (सरकारी खर्चाने वकील) अगदी संपलेलं नाही. घरामुळे तब्येतीला गंभीर धोका असेल तर काम करून घेण्यासाठी मिळू शकतं, नुसत्या भरपाईसाठी नाही. सुनीताताईंच्या मुलाकडे पाहता तेच आधी तपासू.

तर ताई, क्रम असा धरू. आज तक्रारीचा ईमेल. पहिल्या पायरीवर पोच ५ दिवसांत आणि उत्तर त्यानंतर १० दिवसांत, पटलं नाही तर दुसऱ्या पायरीवर २०, सगळे कामाचे दिवस. तिथेही हात वर केले तर ओम्बड्समन, फुकट आहे, आणि आता त्यासाठी खासदाराची चिठ्ठी लागत नाही. दरम्यान खोली सुरक्षित झाली नाही तर वकिलाचं पत्र समांतर जाऊ शकतं. नुसत्या पत्रामुळे तक्रार बंद करायची मुभा मालकाला नाही, खटला दाखल झाल्यावर मात्र ओम्बड्समन त्यात पडत नाही. एवढं लक्षात ठेवलं की दोन्ही दारं उघडी राहतात.

आणखी एक, युनिव्हर्सल क्रेडिट (सरकारी आर्थिक मदत) असेल तर सांगा. भरपाईने बँकेतली रक्कम ६,००० पौंडांच्या वर गेली तर तिथे कात्री लागते. आधी भाडं थकलेलं असेल तर तेही त्यातून वळतं करतात.


प्रेषक: श्रीकांत (हॅरो)
मंगळवार, सकाळी ९.००

अनघा, त्या अवाबचं वाचलं. पैशांबद्दल अजून थोडा अडखळतोय, पण मुलाचा पंप म्हटल्यावर वाद घालायला मी बसलो नाही. ते मशीन मीच आणून देतो. वीज खातं, बिल जपून ठेव, अनघाच्या हिशोबात धरायला.


प्रेषक: सुनीता (स्लाऊ)
गुरुवार, दुपारी २.१५

सगळ्यांचे आभार. करार चौथ्या वर्षात आहे, स्टार्टर नाही. नितीनने सांगितल्याप्रमाणे जुने जॉब नंबर फोन करून मागितले. समोरच्या मुलीने सगळे वाचून दाखवले, सगळ्यांपुढे ‘कम्प्लीटेड’. ते लिहून ईमेल मंगळवारीच पाठवला, सोबत भिंतीचे फोटो आणि डॉक्टरांचं पत्र. बादलीचं म्हणणं लेखी द्या, असंही घातलं. त्यावर काही नाही, पण तपासणीची तारीख लगेच आली: येत्या बुधवारी सकाळी ९ ते १.

त्या दिवशी माझी शिफ्ट आहे, बदलून घेतेय. सर्व्हेअर येईल तेव्हा कोणी सोबत थांबू शकेल का? इंग्रजी येतं, पण चार माणसं ठामपणे बोलू लागली की मी गप्प होते. अनघाताई, तुमचा सल्ला केंद्राचा दिवस बुधवार तर नाही ना? काका, मशीन आणायच्या आधी फोन करा, लिफ्ट बंद आहे. त्याचीही तक्रार टाकलीय.