विषय: बोटीत लाकूड-कोळशाचा स्टोव्ह नेमका कुठे बसवावा?

नमस्कार मंडळी,

या हिवाळ्यात आम्ही दोघं भाड्याचं घर सोडून ५७ फुटी नॅरोबोटीवर (ब्रिटनच्या कालव्यांतली लांब, अरुंद बोट) राहायला जातोय. बोटीत गरम करायला काहीच नाही. पुढच्या दाराशी डावीकडचा कोपरा रिकामा आहे, तिथे भिंतीवर टाइल्स चिकटवून स्टोव्ह ठेवायचा विचार आहे. ८ किलोवॅटचा एक जुना मिळतोय. थंडी फार, म्हणून मोठाच घ्यावा म्हणतो. हे म्हणतात दोन दिवसांचं काम आहे. यादीवर बोटीत राहिलेलं कोणी आहे का?

– नवी बोटवाली

*

नमस्कार,

मी अकरा हिवाळे काढलेत, म्हणून लिहितो. स्टोव्ह म्हटलं की आपल्याला रॉकेलचा पंपवाला आठवतो. हा त्यातला नाही, बंबाच्या जातीचा आहे. धुराडं नीट तर सगळं नीट.

८ किलोवॅटचा घेऊ नका. तुमच्या बोटीला ४-५ पुरे. मोठा घेतला की उकडायला लागतं, मग माणूस हवेची झडप बंद करून ठेवतो. आग जळायच्या ऐवजी धुमसते, काच काळी होते, धुराड्यात डांबर साचतं आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढतो. लहान स्टोव्ह मोकळा जळू द्यावा.

आता भिंत. बोटीत भिंत म्हणजे बाहेर पोलाद, मध्ये फोम आणि आत प्लायवुड. टाइल जळत नाही हे खरं, पण उष्णता अडवतही नाही, सरळ मागच्या प्लायला देते. म्हणून स्टोव्हमागे न जळणारा कॅल्शियम सिलिकेटचा बोर्ड लावायचा, तोही भिंतीपासून सुटा, मागे पोकळी ठेवून. पोकळी खाली-वर उघडी हवी, म्हणजे हवा फिरत राहते. कडा शोभेच्या पट्ट्यांनी बुजवल्या की सगळी मेहनत पाण्यात. किती अंतर ठेवायचं ते स्टोव्हच्या कागदपत्रात दिलेलं असतं. याच कामासाठी बीएस ८५११ हे २०१० चं ब्रिटिश मानक आहे, काम सुरू करण्याआधी वाचा.

स्टोव्ह त्याच्या खालच्या ओट्याला बोल्टने जखडा. लॉकमध्ये (बोट वर-खाली चढवायचं कालव्यातलं दारांचं कुंड) बोट भिंतीवर आदळते तेव्हा पेटता स्टोव्ह सरकला तर काय होईल ते सांगायला नको. ओटा दाराच्या पुढेही आलेला हवा, निखारा बाहेर पडतोच.

धुराड्याचे पाइप जोडताना वरच्याचं टोक खालच्याच्या आत जायला हवं. बरेच जण उलट जोडतात, आणि मग डांबर सांध्यातून बाहेर ओघळतं. पाइप शक्य तितका सरळ वर न्या. छताबाहेरचा भाग दुहेरी भिंतीचा घ्या, नाहीतर धूर तिथे गार पडतो आणि त्याला वर खेचणारी ओढ मरते. छताचं लाकूड पाइपपासून मागे कापून घ्या.

हवा यायच्या जाळ्या कायम उघड्या. थंडी वाजते म्हणून त्यात मोजे कोंबणारे पाहिलेत मी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म एप्रिल २०१९ पासून बोट सेफ्टी स्कीमच्या (ब्रिटनमधल्या बोटींची सुरक्षा योजना) तपासणीत बंधनकारक आहे. बीएस ईएन ५०२९१-२ छापलेला घ्या, तो बोटी आणि कॅराव्हॅनसाठीचा असतो. स्टोव्हपासून १ ते ३ मीटरवर एक, आणि झोपायच्या जागी आणखी एक.

राखेची बादली रात्री आत ठेवायची नाही. वरून राख गार वाटते, आतले निखारे सकाळपर्यंत वायू सोडत राहतात. झाकणाची पत्र्याची बादली घ्या आणि बाहेर ठेवा.

– कालव्यावरचा काका

*

काका, जरा जास्तच घाबरवताय. आमच्या टाइल्स थेट प्लायवर आहेत. सहा हिवाळे झाले, हात लावला तर नुसत्या कोमट लागतात.

– बोटवाली नं. २

*

ताई, माझ्याही कोमटच होत्या. आधीच्या मालकाने लावलेल्या. एका वसंतात तडा गेला म्हणून एक काढली, तर मागचा प्लाय काळा पडून पापुद्र्यांसारखा हातात आला. लाकूड वर्षानुवर्षं भाजत राहिलं की कोळशाकडे झुकतं आणि नव्या लाकडापेक्षा कितीतरी कमी तापमानाला पेटतं. म्हणून "सहा वर्षं काही झालं नाही" याने मला धीर येत नाही, उलट काळजी वाटते. कोपऱ्यातली एक टाइल काढून बघाच.

– काका

*

काका, तुमची मेल वाचून ह्यांनी त्या कोपऱ्यातली फळी उघडली. फोम तर आहेच, शिवाय दोन विजेच्या वायरी आणि एक बारीक तांब्याची नळी जातेय. नळी पुढच्या सिलिंडरच्या कप्प्यातून येते. आता?

– नवी बोटवाली

*

ती तुमच्या शेगडीची गॅसची नळी. कोपरा सोडा. नळीला स्वतः हात लावू नका, हलवायचीच असेल तर गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची अधिकृत नोंदणी) नोंदणीचा आणि बोटीतल्या एलपीजीचं काम येणारा माणूस बोलवा. वायरींचं प्लास्टिक साधारण ७० अंशांपर्यंतच टिकतं, त्याही तिथे नकोत.

खरं म्हणजे दाराशी स्टोव्ह मला मुळातच नको होता. पेट घेतला तर बाहेर पडायची वाटच अडते. बैठकीच्या मध्यावर, आडव्या भिंतीलगत जागा आहे का ते मोजा. वजन एका बाजूला पडलं तर समोरच्या बाजूला भार ठेवून बोट समतोल करता येते. फळी उघडून मागे काय आहे ते आधी बघा, छताला भोक नंतर.

– काका

*

मध्यावर जागा आहे, फक्त पुस्तकांचं कपाट हलवावं लागेल. हे आत्ताच तिथली फळी उघडतायत. ८ किलोवॅटवाल्याला नाही म्हणून कळवलं.

– नवी बोटवाली