मदत हवी आहे: मीटिंग 'पुश बॅक' केली म्हणजे नेमकी कधी?

नमस्कार मंडळी,

इंग्रजीच्या जाणकारांना एक विचारायचं आहे. लंडनच्या क्लायंटचा मेल आलाय: 'कॅन वी पुश वेन्सडेज रिव्ह्यू बॅक बाय टू डेज?' टीममध्ये दोन तट पडलेत. काही जण म्हणतात बॅक म्हणजे मागे, तेव्हा रिव्ह्यू सोमवारी. बाकीचे शुक्रवार म्हणतात. मलाही शुक्रवारच वाटतो, पण आपण मराठीत 'पुढे ढकलली' म्हणतो तेव्हा तारीख लांबते ना? मग बॅकनेही लांबते कशी? आणि सरळ 'प्रीपोन' की 'पोस्टपोन' असं विचारलं तर त्यांना कळेल का? उद्या सकाळी उत्तर द्यायचंय. सोमवार असेल तर डेमो तयार होणं कठीण आहे, म्हणून घाई.

प्रतिसाद:

शुक्रवारच, निर्धास्त राहा. 'पुश बॅक', 'पुट बॅक', 'पुट ऑफ' तिन्हींत तारीख लांबते. अलीकडे आणायची असेल तर 'ब्रिंग फॉरवर्ड'. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्दच.

तुमची शंका रास्त आहे. मराठीत आपण ज्या दिशेला तोंड करून उभे, तिकडे मीटिंग ढकलतो, म्हणून ती लांब जाते. 'ब्रिंग फॉरवर्ड'मध्ये मीटिंगच आपल्या दिशेने पुढे येते, आणि बॅक म्हणजे ती आपल्यापासून मागे सरते. 'मूव्ह फॉरवर्ड' मात्र टाळाच. बुधवारची मीटिंग दोन दिवस मूव्ह फॉरवर्ड केली असं सांगितलं, तर खुद्द इंग्रजी भाषकांतही कुणी सोमवार म्हणतं, कुणी शुक्रवार. मानसशास्त्रज्ञ लेरा बोरोडिट्स्की यांनी हाच प्रश्न विमानतळावर विचारला, तेव्हा नुकतेच प्रवास करून उतरलेले लोक शुक्रवारकडे जास्त झुकले. मला तो प्रयोग फार आवडतो.

'पोस्टपोन' सगळीकडे चालतं. 'प्रीपोन' आपल्या इकडचा, तिकडे बऱ्याच जणांना कळत नाही.

लिहिताना सर्वनाम मध्ये घाला: 'पुश इट बॅक'. 'पुश बॅक इट' चुकीचं. आणि 'पुश बॅक ऑन' झालं की अर्थच बदलतो. 'वी आर पुशिंग बॅक ऑन द रिव्ह्यू' लिहिलंत तर तुमचा रिव्ह्यूला विरोध आहे असं त्यांना वाटेल.

मूळ प्रश्नकर्ता:

मनापासून आभार! 'फ्रायडे वर्क्स फॉर अस' एवढंच लिहितो आणि सोबत तारीखही टाकतो. अजून एक, 'पुश आउट' म्हटलं तरी तारीख लांबतेच का?

प्रतिसाद:

हो, लांबतेच. अमेरिकन क्लायंटकडून ते जास्त ऐकाल.