शब्दचर्चा : कॅप्टन बीचर ‘घोडेस्वार’ की ‘जॉकी’?

गवतफुला : एका कोशासाठी मी कॅप्टन मार्टिन बीचर (१७९७–१८६४) यांच्यावर छोटी नोंद लिहीत आहे. लिव्हरपूलजवळ एन्ट्री येथे २६ फेब्रुवारी १८३९ रोजी झालेल्या, पुढे ‘ग्रँड नॅशनल’ या नावाने गाजलेल्या शर्यतीत ते कॉनरॅड या घोड्यावरून ओढ्यात पडले, मागचे घोडे वरून उड्या घेत निघून जाईपर्यंत पाण्यात अंग चोरून राहिले, पुन्हा स्वार झाले आणि पुढच्या ओढ्यात पुन्हा पडले. त्या शर्यतीत ते नंतर कधीच उतरले नाहीत, तरी त्या पहिल्या ओढ्याचा अडथळा आजही ‘बीचर्स ब्रुक’ म्हणून ओळखला जातो. इंग्रजीतील ‘स्टीपलचेस जॉकी’साठी मी त्यांना ‘अडथळ्यांच्या शर्यतीतील घोडेस्वार’ म्हटले होते. संपादकांचे म्हणणे असे की, घोडेस्वार तर वरातीतला नवरदेवही असतो आणि अडथळ्यांची शर्यत म्हणजे हर्डल्स. दोन्ही शब्दांना पर्याय सुचवावेत.

नाणेघाट : सरळ ‘जॉकी’ लिहावे. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जाणारा मराठी माणूस दुसरा कोणताही शब्द वापरत नाही.

पोथीनिष्ठ : ‘जॉकी’ म्हटले की आजच्या वाचकाला आधी बनियन आठवते आणि मग रेडिओवरचा निवेदक. आपल्याकडे ‘बारगीर’ हा शब्द तयार असताना ही उसनवारी कशासाठी? मराठ्यांच्या फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, तर बारगिराला घोडा सरकारातून मिळे. दुसऱ्याच्या घोड्यावर बसून स्वतःची हाडे पणाला लावणाऱ्यासाठी याहून नेमका शब्द मला तरी सापडत नाही.

नाणेघाट : इंग्रजी टाळण्यासाठी आपण फारसी शब्द पुढे केलात, हे मौजेचे आहे. शिवाय फारसीत ‘बारगीर’ म्हणजे ओझे वाहणारे जनावर, त्यामुळे कॅप्टनसाहेबांना तो मान कितपत रुचला असता याची शंका वाटते. ‘शर्यत’देखील अरबी ‘शर्त’वरूनच आली आहे.

पोथीनिष्ठ : काही शतके आपल्या दप्तरांत वावरलेला शब्द परका राहत नाही. ‘जॉकी’ने आधी तेवढी चाकरी करावी.

वऱ्हाडी पाहुणा : आमच्याकडे शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकणाऱ्याला ‘धुरकरी’ म्हणतात. माझ्या मामांची जोडी पटात धावत असे, पण धुरकरी शेजारच्या गावचा असे आणि बक्षिसाच्या वाटणीवरून दोघांचे वर्षभर बोलणे बंद राही. मालक वेगळा आणि हाकणारा वेगळा, ही व्यवस्था आमच्या मातीतही आहे.

टेकडीवरून : धुरकरी धुरेशी बांधलेला आहे, त्याला घोड्यावर कसे बसवणार? मला दुसऱ्या शब्दाबद्दल लिहायचे आहे. १७५२ साली आयर्लंडमधील कॉर्क परगण्यात दोन गृहस्थांनी बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत पैज लावून घोडे पिटाळले आणि दुरून दिसणारा चर्चचा मनोरा ही त्यांची खूण होती, असे सांगतात. ‘स्टीपल’ म्हणजे असा मनोरा, म्हणून ‘स्टीपलचेस’ची व्युत्पत्ती तिथे लावतात. माझ्या मते ‘कळसधाव’ हा शब्द शोभेल. संपादकांची हर्डल्सबद्दलची हरकत मात्र योग्य आहे, कारण हर्डल धक्का लागताच आडवे होते. बीडच्या अविनाश साबळे यांनी २०२३ साली हांगझोऊ येथे आशियाई सुवर्ण जिंकले, त्या ३००० मीटर स्टीपलचेसमधले २८ अडथळे जागचे हलत नाहीत आणि पाण्यावरच्या ७ उड्या वेगळ्याच.

पोथीनिष्ठ : कळस देवळाला असतो, चर्चला नव्हे.

नाणेघाट : साबळ्यांच्या गावात कोणी ‘कळसधाव’ म्हणून पाहावे, लोक वारीचा नवा प्रकार समजतील.

जुना रेसबाज : बीचर यांना एका दुपारचे जॉकी समजू नये. १८३६ साली लिव्हरपूललाच त्यांनी ‘द ड्यूक’वर बसून शर्यत जिंकली होती आणि काही अभ्यासक तीच पहिली ग्रँड नॅशनल मानतात. १८३९ ची मात्र ‘लॉटरी’ घोड्यावर जेम मेसन यांनी जिंकली. बीचर पुढे रेल्वेत गोण्यांचे निरीक्षक झाले, हेही नोंदीत यावे.

गवतफुला : आभार. ते पद ‘गोणी-निरीक्षक’ असे लिहिले तर चालेल का?

वऱ्हाडी पाहुणा : ‘पोते’ म्हणावे. गोणी बैलाच्या पाठीवर टाकतात, रेल्वेत पोतीच चढतात.

पोथीनिष्ठ : मुळीच नाही. मुंबईच्या धक्क्यावर आजही गोणीच उचलतात.