शेल गॅसच्या शोधविहिरीसाठी शेतकऱ्याची संमती हवी की नको?

गोदाकाठ:
ऑक्टोबर 2013 मध्ये केंद्राने ओएनजीसी आणि ऑइल इंडिया या सरकारी तेल कंपन्यांना त्यांच्याच ब्लॉकांमध्ये (तेल-वायू शोधायला दिलेल्या क्षेत्रांमध्ये) शेल गॅस, म्हणजे शेल खडकात अडकलेला वायू, शोधायची मुभा दिली. कावेरी खोरंही त्यात आलं. त्याच वर्षीच्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी 80 टक्के आणि भागीदारीतल्या प्रकल्पासाठी 70 टक्के बाधितांची संमती लागते. सरकारी कंपनीला ही अटच नाही. ज्याच्या रानात रिग (विहीर खोदायचं यंत्र) उभी राहणार त्याला नाही म्हणता आलंच पाहिजे, मग कंपनी कोणाचीही असो.

बडोदेकर:
साफ असहमत. माझी सगळी नोकरी गुजरातेत खंबातच्या खोऱ्यातल्या तेलक्षेत्रांत झाली. विहीर कुठे घ्यायची हे भूस्तर ठरवतात, सातबारा नाही. शोधासाठी जमीन कायमची घ्यावीच लागते असं नाही, त्याच कायद्याच्या कलम 81 नुसार तीन वर्षांपर्यंत तात्पुरता ताबा घेता येतो. देश जवळपास निम्मा गॅस आयात करतो. जमिनीखाली काय आहे ते बघूसुद्धा द्यायचं नाही?

काळी_माती:
बडोदेकर, तीन वर्षांनी परत काय मिळतं तेही सांगा. रिगसाठी मुरूम टाकून रोलर फिरवतात, ड्रिलिंगच्या चिखलासाठी खड्डे घेतात. आमच्या बांधाजवळून एका कंपनीची पाइपलाइन गेली. खालची माती वर आली आणि वरची गाडली गेली. त्या पट्ट्यातली तूर अजून गुडघ्याच्या वर जात नाही. जमीन कायमची निकामी झाली तर मालकाच्या मागणीवरून सरकारने ती संपादित करावी, असं कलम 82 सांगतं. म्हणजे तात्पुरतं म्हणून दिलेलं कायमचं जाऊ शकतं, हे कायद्यालाही ठाऊक आहे. आणि फ्रॅकिंगच्या (दाबाने पाणी सोडून खडक फोडायच्या) एकेका विहिरीला कोटीभर लिटर पाणी लागू शकतं, ते कुठून आणणार?

तंजावरकर:
आमच्याकडे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात हे सगळं होऊन गेलंय. मन्नारगुडीला कोळशाच्या थरातला मिथेन वायू काढायचा करार 2010 चा, राज्याने त्यावर कायमची बंदी घातली 2015 मध्ये. मग 2017 मध्ये हायड्रोकार्बन (तेल-वायू) प्रकल्पावरून नेडुवासलला आंदोलन पेटलं. जानेवारी 2020 मध्ये केंद्राने शोधविहिरींसाठी जनसुनावणीची अट काढून टाकली आणि पुढच्याच महिन्यात तमिळनाडूने त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषी क्षेत्र ठरवणारा कायदा केला. सुनावणीतही बोलायला जागा उरली नाही तर माणसं रस्त्यावरच येणार ना?

बडोदेकर:
जनसुनावणी परत आणा, त्याला माझा पाठिंबा आहे. पण तमिळनाडूच्या त्याच कायद्याने आधीपासून चालू असलेल्या विहिरी चालू ठेवल्या. तिथे भातही पिकतो आणि गॅसही निघतो. संमतीची अट घातली तर एक माणूस अडून बसेल आणि सगळं काम ठप्प.

गोदाकाठ:
80 टक्क्यांची अट असेल तर एकटादुकटा कसा अडवेल? खासगी कंपन्यांना जो नियम, तोच सरकारी कंपन्यांना लावा.

बडोदेकर:
80 टक्के कोणाचे? विहिरीच्या जागेचे मालक दोन-तीन असतात. त्यातला एक फिरला की टक्केवारी संपली.

काळी_माती:
म्हणून तर मालकांपुरतं मोजू नका, गाव मोजा. पाणी विहिरीच्या जागेपुरतं थांबत नाही, आसपासच्या बोअरना त्याच थराचं पाणी येतं. जमीन न विकणाऱ्यालाही आणि दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्यालाही मत हवं.

बडोदेकर:
मजुरांनाही मत? ग्रामसभेचा ठराव म्हणत असाल तर विचार करता येईल. पण तो ब्लॉक देण्याआधी घ्या. रिग आल्यावर नको.