डिफेन्सिव्ह कॉल चुकला की खेळाडू चुकला, ओळखायचं कसं?

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघताना नेहमी होतं, थर्ड डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला) समोरच्यांना बारा यार्ड हवेत, आपला कोच तीनच माणसं क्वार्टरबॅकवर (पास टाकणाऱ्यावर) सोडतो, बाकी आठ पास अडवायला मागे, तरी पास पूर्ण होतो आणि मग सगळे कोचवर तुटून पडतात. पण खरंच कॉल (कोचने निवडलेली चाल) वाईट होता का हे कसं ठरवता तुम्ही लोक?

रिप्लाय १
टीव्हीच्या अँगलवरून अवघड आहे, सेफ्टी (सगळ्यात मागे उभे राहणारे डिफेन्डर) बऱ्याचदा फ्रेमबाहेरच असतात. 22 ही खेळाडू दिसतात ते फुटेज बघा. कव्हर 2 मध्ये (दोन सेफ्टी मागची खोल जागा अर्धी-अर्धी वाटून घेतात) त्या दोघांच्या मधली खोल जागा मुळातच कच्ची असते, तिथे पास गेला तर ती कॉलची किंमत. पण कॉर्नर (कडेचा डिफेन्डर) जागेवर असून टॅकल (बॉलवाल्याला पाडणं) सुटला, त्यात कोच काय करणार?

रिप्लाय २
नुसत्या निकालावरून ठरवू नका हो. 2007 च्या सीझनला पेट्रियट्स मॅचला सरासरी 36 च्या वर पॉइंट करत होते आणि सुपर बोलमध्ये (सीझनच्या फायनलमध्ये) जायंट्सनी त्यांना 14 वर रोखलं, त्यांच्या क्वार्टरबॅक ब्रेडीला 5 सॅक (पास टाकण्याआधीच पाडलं). जायंट्सचे डिफेन्स कोच स्पॅग्नुओलोंचं कॉलिंग जबरदस्तच होतं, पण डिफेन्सची पुढची लाइन तशी घुसली नसती तर तेच कॉल फसले असते.

रिप्लाय ३
दमणूकही बघा. फाल्कन्स 28-3 वरून हरले त्या सुपर बोलमध्ये त्यांच्या डिफेन्सला 93 प्ले खेळावे लागले, ऑफेन्सला बॉल धरून ठेवता आला नाही. एवढं पळाल्यावर मॅन कव्हरेज (एकाने एका रिसीव्हरला धरून राहणं) कुणाचंही ढिलं पडणारच, सगळं खापर कॉलवर फोडणं मला पटत नाही.